गिर्झेल इम्रीचा तिसरा रविवार

हे खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलं म्हणणार होते, पण डोळ्यांना काही दिसलंच नाही. कानांनी ऐकलं. पटलं तर वाचा, नाही तर गेलात उडत.

तारीखही सांगते. चौदा ऑक्टोबर एकोणीसशे एकोणऐंशी. रविवार, सकाळी अकराची प्रार्थना. बाहेर लख्ख ऊन.

गाव किनलोरी, समुद्रकाठचं. आमचं जुनं चर्च.

मी नॅन पेटिग्रू. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते आणि चर्चची शिपाई होते. दारं उघडायची, घंटा वाजवायची, पाद्र्याच्या आधी बायबल वर नेऊन ठेवायचं. पाद्री व्यासपीठावर चढला की त्याच्यामागचं दार लावून घ्यायचं, म्हणजे तो पळून जायला नको!

त्या दिवशी चर्चला साडेतीनशे वर्षं पूर्ण होत होती. गावाच्या उत्साहाला नुसता ऊत आला होता.

कशाचा अभिमान होता, देव जाणे. चार हजारांचं गाव आणि एके काळी चर्च पाच. पाद्री कोणी निवडायचा यावरून फुटले. मग नागरिकत्वाची शपथ घ्यायची की नाही यावरून फुटले. मग चर्चमध्ये बाजाची पेटी आणायची की नाही, यावरून सख्खे भाऊ वीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी माणसंच उरली नाहीत, तेव्हा प्रेमानं एकत्र आले. उरलेल्या चार इमारतींपैकी एकीत आता गालिचे विकतात आणि एकीत म्हाताऱ्या बिंगो खेळतात. दोन पाडल्या.

पण चर्च कितीही असोत, कारभारी तेच. सात पंच. शाळेत तेच, वाचनालयात तेच, गरीबगृहात कोणाला घ्यायचं तेही हेच ठरवणार. पिढ्या बदलल्या, नाकं तेवढीच वर राहिली.

आमच्या वेळचे मुख्य पंच आर्चिबाल्ड मेल्ड्रम. निवृत्त हेडमास्तर. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, म्हणजे छडीनं.

आठवडाभर आधी त्यांनी मला बोलावलं. समोर पंचांची जुनी वही उघडी होती.

"नॅन, रविवारी आपण लोकांना जुनी पद्धत करून दाखवणार आहोत. हे वाच."

मी वाचलं. साल सतराशे एक्केचाळीस. गिर्झेल इम्री, मिठाच्या भट्टीवर कोळशाच्या टोपल्या वाहणारी. लग्नाशिवाय मूल झालं. शिक्षा ठरली... तीन रविवार, गोणपाट नेसून, अनवाणी, सगळ्या गावासमोर उभं राहायचं. तिन्ही रविवार पुरे होईपर्यंत मुलाचा बाप्तिस्मा नाही. म्हणजे मुलाला नावही नाही.

बापाचं नाव तिनं सांगितलं होतं. वहीत त्या ओळीवर शाई फासली होती. कोणी फासली असेल, तुम्हीच ओळखा.

जानेवारीत दोन रविवार ती उभी राहिली. तिसऱ्या रविवारची नोंद अशी: 'दारातून तीनदा हाक मारली. आली नाही. प्रकरण पुढे चालू.'

बस्स. पुढे काहीच नाही. ती मेली का, मूल जगलं का, कोणी विचारायला गेलं नाही. थंडी होती ना, पंचांना सर्दी झाली असती.

"रविवारी तू दारात उभी राहून तीनदा हाक मारायचीस," मेल्ड्रम म्हणाले. "लोकांना मजा वाटेल."

"सर, प्रकरण अजून चालूच आहे की हो. बंद कुठं केलंय?"

"शाळेत होतीस तशीच आहेस. प्रश्न फार, डोकं शून्य. हाक मार म्हटलं की मारायची."

मी मान डोलावली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण त्या माणसासमोर माझी मान आपोआप हलायची.

रविवार उजाडला. चर्च खचाखच भरलं. लोक देवासाठी नाही, नंतरच्या केकसाठी आले होते. शिवाय मेल्ड्रमच्या नातवाचा बाप्तिस्मा त्याच प्रार्थनेत होता. पाणी कोमट करून मीच भांड्यात ओतलं होतं. मेल्ड्रमच्या नातवाला गार पाणी कसं चालेल?

तरुण पाद्री क्रॉम्बी वर चढला. मी दार लावलं. मेल्ड्रमनी उभं राहून गिर्झेलची नोंद वाचली. चक्क विनोदी आवाज काढून. लोक हसले.

मग मला खूण केली.

मी मोठं दार सताड उघडलं. शेवटच्या बाकावर माझी बहीण बीनी बसली होती. ती कुजबुजली, "आटप गं, वारा येतोय."

"गिर्झेल इम्री! हजर हो!"

बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. आमच्याकडे ते कधी गप्प बसत नाहीत.

"गिर्झेल इम्री! हजर हो!"

कोणीतरी खुदकन हसलं.

"गिर्झेल इम्री! हजर हो!"

आणि... पक्षी थांबले.

एकही आवाज नाही. लाटांचासुद्धा नाही.

मग पायरीवर... ओलं पाऊल पडल्यासारखं वाजलं.

अनवाणी पाऊल. फरशीवर चिकटून सुटतं तसं.

पुन्हा एक. पुन्हा एक.

माझ्या अंगावरून गारवा गेला. धुराचा आणि खारट पाण्याचा वास आला. पावलं माझ्या शेजारून आत गेली.

कोणीच दिसत नव्हतं. पण बाकांवरची डोकी एकामागून एक वळत गेली, दारापासून व्यासपीठापर्यंत. सगळ्यांना ऐकू येत होतं.

पावलं समोर जाऊन थांबली.

आणि मग... मूल खोकलं.

तान्हं मूल. कोरडा, दमलेला खोकला. मेल्ड्रमच्या सुनेनं झटकन आपल्या मांडीकडे बघितलं. तिचं बाळ गाढ झोपलं होतं.

मी पुढे गेले. कशी गेले माहीत नाही. भांड्यापाशी उभी राहिले.

"पाद्रीबाबा, खाली या. पाणी तयार आहे."

क्रॉम्बीचा चेहरा कणकेसारखा झाला होता. त्यानं त्या जागेकडे बघितलं नाही. त्यानं मेल्ड्रमकडे बघितलं.

"सर... काय करायचं?"

देवाचा माणूस म्हणे! हेडमास्तरला विचारतोय.

मेल्ड्रमचा आवाज तोच, हेडमास्तरचा. "पंचांचा ठराव नाही. ठरावाशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही."

"सर, आज तिसरा रविवार झाला तिचा," मी म्हणाले. "आली ना ती! अजून काय हवंय तुम्हाला?"

"ते बैठकीत ठरेल. प्रकरण पुढे चालू."

मला इतकी किळस कधी आली नव्हती. दोनशे अडतीस वर्षांनी एक आई गोणपाटात उभी आहे, आणि या शहाण्याला बैठक हवी! आणि बाकीचे सहा पंच आपापल्या बुटांकडे बघत होते.

पावलं पुन्हा हलली.

दाराकडे गेली नाहीत. माझ्याकडे आली...

माझ्या कोपराशी थांबली. मुलाचा श्वास ऐकू येत होता, घरघर लागलेला. इतक्या जवळ.

तिला बाकी कोणाकडून काही नको होतं. एवढंच, की पोराला नाव मिळावं.

माझी बोटं पाण्यात होती. कधी घातली, आठवत नाही. एक थेंब पुरला असता. तोंडात नावसुद्धा आलं होतं. पण आमच्यात बाप्तिस्मा फक्त पाद्र्यानं द्यायचा. शिपाईबाईनं तर नाहीच नाही.

मी मान वर केली. आणि मेल्ड्रमकडे बघितलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

मी हात बाहेर काढला. स्कर्टला पुसला.

कोपराशी एक श्वास... आत गेला. बाहेर आलेला मी ऐकला नाही.

पावलं निघून गेली. सावकाश. पायऱ्या उतरली. मग पक्षी एकदम ओरडायला लागले.

पाच मिनिटांनी त्याच पाण्यानं मेल्ड्रमच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. चार नावं ठेवली त्याची, एकानं भागेना! मग चहा झाला, केक झाला. त्या प्रकाराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आमचं गाव तसं फार सभ्य आहे.

फक्त बीनीनं घरी जाताना विचारलं, "दारातून कोण आलं गं?"

"वारा."

"वाऱ्याला खोकला झाला होता वाटतं," ती म्हणाली, आणि तिनं माझा हात घट्ट धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी आवरायला गेले तेव्हा वही मेजावरच होती. सतराशे एक्केचाळीसच्या नोंदीखाली ताजी शाई होती. मेल्ड्रमचं वळणदार अक्षर.

'चौदा ऑक्टोबर. दारातून तीनदा हाक मारली. हजर झाली. प्रकरण पुढे चालू.'

हा माणूस मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होता, की त्यानं काही ऐकलं नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. एकटीच. भांडं भरलं. दारात उभी राहून तीनदा हाक मारली. समुद्रपक्षी ओरडतच राहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. वर्षभर गेले.

कोणी आलं नाही.

आता ते चर्च बंद पडलंय, आत फ्लॅट झालेत. सातही पंच मातीत गेले. मी त्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या, आजही घालते. पण पाणी त्यांच्या हातात नव्हतं. माझ्या हातात होतं.

अलीकडे सकाळी भांडी घासताना कधी कधी... कोपराशी गारवा येतो. खोकला नाही, पावलं नाहीत. नुसतं कोणीतरी उभं असतं.

नळ वाहत असतो. नाव माझ्या तोंडात असतं.

आणि मी, अजूनही, आधी मान वर करून बघते... कोणी हो म्हणतंय का.