समुद्र कोनाचा असते?

अकोट-अकोला एस.टी. भर रस्त्यात बंद पडली आणि मे महिन्याच्या उन्हात सगळे प्रवासी कडुनिंबाखाली जमले. हापसा दिसताच दीपमालाने ओंजळ भरली.

"थांबा, ते पानी पेऊ नका!" मागून एक तरुण प्रवासी ओरडला.

उशीर झाला होता. घोट घशाखाली गेला, तिचं तोंड वाकडं झालं... आणि मग ती चक्क हसली. "समुद्राचीच आठवन आली!"

"खारपाणपट्टा हाय हा, मॅडम." त्याने आपली बाटली पुढे केली. "समुद्र कुठून आनला तुमी इथं?"

"मी तोच शिकून राहिली ना."

तो संघपाल, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात खाऱ्या जमिनीवर संशोधन करणारा. ती अकोटची, पण कोकणातल्या एका विद्यापीठात सागरी संसाधनांचं व्यवस्थापन शिकत होती.

"म्हंजे मासे मोजता?"

"तेही. पन ते कोनी धरायचे, केव्हा थांबायचं... हे ठरवायचं कोनी, ते शिकतो आमी."

"मंग समुद्र कोनाचा असते?"

इतका सरळ प्रश्न तिला गावात कोणी विचारला नव्हता. सगळे फक्त लग्नाचं विचारायचे.

"सगळ्यायचा," ती म्हणाली. "म्हनून तं भांडनं होतात. मोठ्या बोटी ओरबाडून नेतात, लहान होडीवाले पाहात राहातात."

"आमच्या इथं बोअरच्या पान्याचं असंच हाय," तो हळूच म्हणाला.

गाडी सुरू झाली, तरी बोलणं थांबलं नाही. ती परत गेल्यावर ते फोनवर चाललं. मासे विकणाऱ्या बायांनी बैठकीत साहेबांना कसं गप्प केलं, ते ती सांगायची. तो त्याच्या शेतातल्या कपाशीचं सांगायचा. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती त्याला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर भेटली.

"मले तिथंच काम भेटलं," ती म्हणाली. "मच्छीमारांच्या गावांसोबत. काही वर्षं तरी..."

तो चालता चालता थांबला. त्याचं काम इथल्या मातीत होतं, एकटी आई इथे होती.

"चांगलं झालं," तो म्हणाला.

"बस? मले वाटलं, थांब म्हनशीन."

"म्हनलं असतं तं थांबली असती?"

तिने मान हलवली. "नाही."

"मंग काहून म्हनू? तू त्या लोकायचं बोलतं ना, तवा तुह्या आवाजात जीव येते. त्यावरच तं माहा जीव—"

त्याचे कान लाल झाले.

"काय म्हनला?"

"काही नाही."

"संघपाल... पुरं कर ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "जीव जडला माहा. आता जाय तू, मी काई अडवत नाही."

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कापला नाही. "चाल, अकोटची गाडी असन आता. आई-बाबा घरीच हायेत."

"आज? काय सांगशीन त्याइले?"

"की मी कोकणात जाऊन राहिली. अन् सुट्टीत कोनासाठी येईन, तेही."

तो गाडीसाठी फाटकाकडे चालू लागला... तिच्याहून जास्त घाईने.