खालच्या टाकीतून आलेलं उत्तर

ही गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली.

मी संघमित्रा, दादरला राहते. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं असलं काही चालत नाही. बाबांनी ते खूळ लहानपणीच डोक्यातून काढून टाकलं होतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

रात्र नव्हती. भर दुपार होती. गेल्या ऑगस्टमधला रविवार, आणि जागा काळाचौकी, माझ्या धाकट्या भावाची बिल्डिंग.

राजरत्न, माझा भाऊ, सरकारी इंजिनियर आहे. मुंबईच्या ऑफिसातून धरणांच्या पाण्याचं काम बघतो. त्याच्याकडच्या एका धरणाची नदी पुढे शेजारच्या राज्यात जाते. दरवाजे उघडायचे तर आधी दिल्लीच्या ऑफिसला मेल, तिथून शेजारच्या राज्याला मेल. हे झालं कागदावर.

खरं काम व्हायचं फोनवर.

पलीकडे शिवा नावाचा इंजिनियर होता. राजरत्न त्याला विचारायचा, "अण्णा, सोडू का?"

शिवा आधी नदीकाठ बघून यायचा. पूर येणार म्हटलं की शेतकरी पंपाच्या मोटारी काढायला पात्रात उतरतात. ती माणसं वर आली की शिवा सांगायचा, "सोडा की साहेब."

मगच दरवाजे उघडायचे. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण घरची खुशाली विचारण्याइतकी मैत्री होती.

मग पाण्याचं भांडण लवादापुढे गेलं. वरून तोंडी हुकूम आला... पलीकडच्या माणसाशी फोनवर एक शब्द बोलायचा नाही. बोललेलं आपल्यावरच उलटेल. जे काय ते दिल्लीमार्फत.

जुलैत पाणी चढलं. राजरत्नने मेल टाकला. सुट्टीचा दिवस होता. दिल्लीत तो कुणी उघडलाच नाही.

राजरत्न फोन हातात घेऊन बसून राहिला.

त्याने फोन केला नाही.

धरण काठोकाठ भरलं, तेव्हा त्याने दरवाजे उघडायला लावले. शिवा तेव्हा शेतकऱ्यांबरोबर पात्रात होता. त्यातलं कुणीच वर आलं नाही.

तेव्हापासून राजरत्नला नळ उघडता येईना. चावीवर हात ठेवायचा, "अण्णा, सोडू का?" म्हणायचा आणि उभाच राहायचा. उत्तर आलं नाही की हात काढून घ्यायचा. अंघोळीची बादलीसुद्धा त्याची बायको अक्षदा भरून द्यायची.

"ताई, त्यांना बाकी काही नको," अक्षदा मला रडत म्हणाली. "तो माणूस एकदा 'सोडा' म्हणाला पाहिजे. कुठून आणू मी त्याला?"

त्या रविवारी बिल्डिंगची जमिनीखालची टाकी धुऊन झाली होती. धुणारे निघून गेले होते. वॉचमन गावाला, म्हणून पालिकेचं पाणी टाकीत सोडायची पाळी राजरत्नच्या घराची. मी म्हटलं, चल, मी येते बरोबर.

खरं सांगते, मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता. सगळी बिल्डिंग पाण्यावाचून खोळंबलेली आणि हा व्हॉल्व्हपाशी पुतळ्यासारखा उभा.

मी झाकण उघडून मोबाईलचा टॉर्च मारला. टाकी रिकामी. लख्ख धुतलेली.

"बघ, कुणी नाही. उघड आता."

"ताई, विचारू दे ना."

तो वाकला. "अण्णा... सोडू का?"

बाजूच्या गल्लीत गणपतीचा मंडप उभा राहत होता. सकाळपासून ठोकाठोक चाललेली.

ती थांबली...

रस्त्यावरचे हॉर्नही थांबले.

मला चिखलाचा वास आला. नदीच्या ओल्या गाळाचा. धुतलेल्या टाकीतून असा वास कसा येईल?

मग खालून आवाज आला... आधी लांबून, मग अगदी झाकणाशी.

"थांबा की साहेब... खाली माणसं हायत."

मी परत टॉर्च मारला.

टाकीत कुणीच नव्हतं.

राजरत्न माझ्याकडे बघत होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण माझा चेहरा त्याने वाचला.

"ताई, काय झालं? बोलला तो? काय म्हणाला?"

महिनाभर तो धड जेवला नव्हता. गालांची हाडं वर आली होती. लहानपणी ताप आला की माझ्याकडे असंच बघायचा.

मी म्हटलं, "हो रे. सोडा म्हणाला."

त्याने व्हॉल्व्ह फिरवला.

पाणी धो धो टाकीत पडायला लागलं. राजरत्न तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडला. मोकळा झाला एकदाचा.

आणि मी ऐकत होते... पाण्याखाली माणसं ओरडत होती. एक नाही, बरीच. कानडीत, मराठीत. पाणी चढत गेलं तसे आवाज कमी कमी होत गेले.

मग नुसतं पाणी.

गल्लीतली ठोकाठोक परत सुरू झाली.

आता राजरत्न बरा आहे. कामावर जातो, जेवतो, नळ उघडतो. अक्षदा मला देव मानते. मी मात्र काळाचौकीला गेले की त्यांच्याकडचं पाणी पीत नाही. काहीतरी सबब सांगते.

टाकीत कुणी नव्हतं, हे मी स्वतःला रोज सांगते. पण मला थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि मी सोडायला लावलं. राजरत्नला निदान वरून हुकूम तरी होता.

परवा जेवताना त्याने विचारलं, "ताई, आवाज कसा होता गं त्याचा? रागावला नव्हता ना माझ्यावर?"

"नाही रे," मी म्हटलं.

तेवढं खरं सांगितलं. तो रागावलेला नव्हता. घाबरलेला होता.