शून्याखालची भीती

हिवरगाव पाणथळीच्या फाटकाशी डॉ. चित्रलेखा उपासनीने मनगटावरचा भयमापक सुरू केला, पण शेजारी उभ्या असलेल्या तांबोळी सरांकडे मान वर करून पाहिलं नाही. पक्षी ओळखायला तिला याच सरांनी शिकवलं, आणि तिच्याच यंत्रामुळे आज सरांची आयुष्यभराची जागा बंद व्हायची वेळ आली होती. बघायचं तरी कुठल्या तोंडानं?

"गप्प का? तुझं यंत्र समजावून सांग की," सर म्हणाले.

"पाण्यातले सूक्ष्म संवेदक पाखरांच्या काळजाचे ठोके टिपतात, सर. तलावावर एकही माणूस नसताना जेवढी भीती असते, तिला मी शून्य धरलंय. माणूस आला की आकडा चढतो. भीती कमीत कमी ठेवायची, एवढा एकच नियम फाटक सांभाळणाऱ्या यंत्रनियंत्रकाला दिलाय आणि तो कुणाची भीड धरत नाही. आजच्या तासाभरात आकडा तांबड्या रेषेपार गेला, तर फाटक कायमचं बंद."

तासभर! मग आत शिरून सरांनी तेच केलं, जे कुठलाही हाडाचा पक्षिवेडा करील. शेवटचं दर्शन म्हणून एकही पाखरू सुटू नये, अशी त्यांची धावपळ सुरू झाली. शेकाट्यासाठी या काठाला, कमळपक्ष्यासाठी त्या काठाला. दुर्बीण डोळ्याला लागते न लागते तोच पुढे. चक्रवाकांचा थवा कलकलाट करत उठला आणि आकडा तांबड्या रेषेला जाऊन भिडला.

"सर, बसा!" चित्रलेखा ओरडलीच. "लग्नात मुलीचा बाप धावतो तसे काय धावताय? एक जागा धरा."

"आणि बाकीचे कधी बघू गं?" सर कळवळले. "मला परत यायला मिळणार नाही."

तरी ते बांधावर बसले. तिला फार वाईट वाटलं. तीही त्यांच्याजवळ बसली. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग शेकाट्या लांब तांबडे पाय टाकत परतला, हातभर अंतरावर टिबुकली पाण्यातून वर आली. आकडा उतरत शून्यावर आला आणि तिथं न थांबता आणखी खाली गेला.

"बिघडलं वाटतं," चित्रलेखा पुटपुटली. "माणूस नसतानापेक्षाही कमी भीती? कसं शक्य आहे?"

सरांनी पलीकडच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. भोवत्या हा शिकारी पक्षी तिथंच घिरट्या घालत होता, पाण्यावर यायला धजत नव्हता.

"तो आपल्याला बिचकतोय. आपण नसलो की इथं त्याचंच राज्य. तुझ्या शून्यात त्याची दहशत आधीच धरलेली आहे, बाई. शांत बसलेला माणूस पाखरांना त्याच्यापेक्षा परवडतो."

चित्रलेखाला स्वतःचा राग आला, आणि हसूही.

तास संपल्याची घंटा वाजली. दोघं उठून फाटकाकडे निघाली, तसा भोवत्या पाण्याकडे वळला आणि आकडा झरझर चढू लागला. मनगटातून नियंत्रकाचा आवाज आला.

"कृपया परत जाऊन बसा. तुमच्या जागी दुसरं कुणी येईपर्यंत तुम्हाला बाहेर जायला फाटक उघडणार नाही. उद्या कोण बसणार?"

"मीच," सरांनी बांधावर पुन्हा बसकण मारली. "आणि परवाही मीच."