न थापटलेली पायली

ज्या वर्षी हलिमाआपा पहिल्या बाळंतपणाला भोरला माहेरी आली, त्या २००२ सालची ही गोष्ट. अब्बा आपाला दवाखान्यात घेऊन गेले, की तांदळाच्या दुकानावर तिची धाकटी बहीण गुलफशा बसायची.

असाच एकदा नसरापूरचा फुरकान आला. पुण्यात भौतिकशास्त्राचं संशोधन करणारा. गुलफशानं पायली भरली आणि सवयीनं तिच्यावर दोन थापा मारल्या.

"अगं, थापटू नको!"

ती दचकली. "अगं? कोन अगं? थापटलं तर मूठभर जास्तच बसतोय की!"

"तेच नको... प्रयोगाला पायजे."

"तांदळावर प्रयोग? भूक लागत न्हाई व्हय तुमाला?"

तो हसला. मग येतच राहिला. पायलीभर तांदूळ, घटकाभर गप्पा.

"हवेचे कण भटके," तो सांगायचा. "खोलीभर फिरतात, कुठून आले ते विसरतात. त्यांचा पसारा मोजायला एंट्रॉपीचं जुनं माप पुरतं. तांदळाचा दाणा पडला तिथंच अडकतो. धक्का बसल्याशिवाय दुसरी जागा त्याला ठाऊकच होत न्हाई. त्याच्यासाठी नवं माप शोधतोय."

"मग तुमी हवेतले का तांदळातले?"

तो पायलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "तांदळातला. हितंच... अडकलोय."

गुलफशाच्या हातातलं सूप कलंडलं. सगळे दाणे त्याच्या पायांवर. ते गोळा करता करता ती पुटपुटली, "मग — रविवारी आईला घेऊन या. अब्बांना इचारा."

रविवारी दुपारी फुरकान इस्त्रीचा शर्ट घालून आईसोबत आला, तर दारात माणसंच माणसं. दफन करून परतलेली. त्याच्या हातातला मिठाईचा पुडा तसाच राहिला.

आत गुलफशाच्या मांडीवर तांबडंलाल बाळ. अब्बांची बहीण, फुफू, म्हणत होती, "लेकराला मावशीपरास जवळचं कोन? हलिमाचा चाळिसावा झाला की हिचा निकाह हनीफशीच लावा."

हनीफ म्हणजे आपाचा नवरा. तो भिंतीला टेकून बसलेला.

"लेकराला म्या वाढवीन, फुफू," गुलफशा म्हणाली. "पन निकाह... त्यांच्याशी." तिनं दाराकडं बोट केलं.

अब्बांनी मान वर करून दाराकडं पाहिलं.

पहिला हनीफच बोलला. "फुफू, बास. हिला बहीण म्हनत आलोय म्या." मग फुरकानकडं वळला. "दारात का उबा? आत ये. बस."

हलिमाआपा त्याच दिवशी, ७ जुलै २००२ रोजी पहाटे, बाळंत होताच वारली होती.