कोऱ्या डिस्कची नक्कल

"तुम्ही नेहमीचे नाही," दार उघडणारी मुलगी म्हणाली.

"नेहमीचे आजारी आहेत. मी चालेन का?"

"ते मशीनच सांगेल." ती बाजूला झाली, पण अगदी थोडी… बन्सी साळवेला हातातली पिशवी छातीशी धरून आत शिरावं लागलं.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत. मालाचा, पगाराचा सारा हिशेब ऑफिसातल्या एकुलत्या एका संगणकावर होता, आणि त्याची हार्डडिस्क काही दिवसांपासून जात्यासारखी घरघरत होती. ती मरायच्या आत तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. क्रांती चौकातल्या दुकानानं बन्सीवर एकट्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम.

हिशेबनिसांनी चहा मागवला, आडनाव विचारलं, आणि मग ते आपल्या कपाकडेच बघत राहिले. नुकतीच संक्रांत झाली होती. त्याच दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या अजून उभ्या होत्या. ऑफिसात मात्र तो विषय कुणी काढत नव्हतं, निदान बन्सीसमोर तरी. सकाळी डबा देताना त्याची आई कडूबाई म्हणाली होती, "नीट कर रं बाबा. दुसऱ्याचं चुकलं तर त्याचं एकट्याचं चुकतं. आपलं चुकलं की साऱ्या वस्तीचं."

मुलीचं नाव सत्यभामा शिंगाडे. संगणक तीच चालवायची. बन्सीनं संगणकाचा डबा उघडून दोन्ही डिस्क केबलला जोडल्या, तशी ती स्टूल ओढून शेजारी बसली. खिडकीतून थंडीतलं कोवळं ऊन तिच्या ओढणीवर आलं होतं, आणि केसांना आवळ्याच्या तेलाचा वास…

"म्हणजे आता होणार काय?"

"या डिस्कवरचं सगळं त्या डिस्कवर जाणार. पहिली मेली तरी दुसरी तशीच्या तशी."

"अगं बाई! म्हणजे अख्ख्या कळपाचा दुसरा कळप? आमच्या दादांना सांगायला पाहिजे. मेंढरांची अशी नक्कल निघाली तर लांडगं काय करून घेणार?"

"तुमची मेंढरं आहेत?"

"हसू नका. पैठणकडं आहेत अजून. मीच एकटी कळपातनं फुटले." तिनं त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. "घ्या. लई कडक झालाय, दात सांभाळा."

पडद्यावर प्रश्न आला होता — कुठून कुठं? बन्सीनं तो वाचला. खरंच वाचला. पण हसू आवरायला तिनं ओढणीचं टोक तोंडाशी नेलं होतं… आणि त्यानं मोकळ्या हातानं कळ दाबली.

तासभर दोघं बोलत राहिले. काम संपल्यावर त्यानं नवी डिस्क उघडून पाहिली. रिकामी. जुनी उघडली. तीही रिकामी. कोऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरली होती.

"काय झालं?"

"उलटं… उलटं झालं."

तेवढ्यात मालक नानासाहेब दारात आले. "झालं का रे?"

हिशेबनिसांनी मान वर केली. आणि सत्यभामा उभी राहिली.

"सर, जुनी डिस्क आधीच गेलेली होती. यांनी लई खटपट केली. माझ्याकडं दिवाळीपर्यंतच्या हिशेबाच्या फ्लॉपी आहेत. पुढचं मी बिलांवरून भरते."

नानासाहेबांनी बन्सीकडं पाहिलं. बन्सीनं मान हलवली — हो म्हणून.

ते मान हलवणं त्याला पुढं झोपू देईना.

रोज दुपारी तो येई, बिलं वाचून दाखवी, ती कळा बडवी.

"सात म्हणालात की साठ?"

"साठ."

"नक्की? का उलटं?"

त्याचे कान तापत. ती खुदकन हसे. रात्री घरी तो तेच हसू आठवत पडून राही, आणि लगेच ते मान हलवणंही आठवे. एक गोड, एक कडू, आणि दोन्ही एकाच घासात.

शेवटी एकदा त्यानं विचारलं, "त्या दिवशी खोटं का बोललात?"

कळांचा आवाज थांबला. "दुसऱ्या कुणाचं चुकलं असतं तर बोलले नसते," ती हळूच म्हणाली. "पण हे दिवस असे… हिशेबनीस मागून काय बोलले असते, ते मला ऐकवलं नसतं."

तिनं मायेनं सांगितलं होतं. तरी बन्सीच्या आत काहीतरी खचलं. तिलाही त्याच्यामागं सारी वस्ती दिसली होती.

"माझी चूक तरी माझ्या एकट्याची राहू द्यायची होती," तो म्हणाला.

"साळवे, ऐका तर…"

तो थांबला नाही. तडक नानासाहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या तोंडानं सांगितलंस, बरं केलंस. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेव." बस, एवढंच! इतकं सोपं होतं…

"शिंगाडेला आत पाठव."

काचेआडून आवाज आला. "माझ्या तोंडावर खोटं? मग साऱ्यांच्या पगाराचं मशीन तुझ्या हाती ठेवू कसं?"

आणि मग बन्सीला कळलं. आपल्या डोक्यावरचं ओझं त्यानं तिच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं. त्यापुढं आजवरची लाज काहीच नव्हती.

ती बाहेर आली, डबा उचलला. "उद्यापासून स्टोअरला. मशीनला हात लावायचा नाही." त्याच्याकडं न बघता ती जालना रोडच्या दिशेनं चालू लागली.

बसथांब्यावर त्यानं तिला गाठलं. ट्रकांची धूळ संध्याकाळच्या उन्हात तांबूस झाली होती.

"तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं मी."

"व्हय, पाहिजे होतं." डबा दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली, "मी तरी तुम्हाला कुठं विचारलं होतं."

"मी नानासाहेबांना परत भेटतो. सांगतो की…"

"नका! अजून किती खरं बोलणार?" ती हसता हसता राहिली, डोळे मात्र भरले होते. "ते मशीन मला लई आवडायचं, साळवे."

देण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं.

"माफ केलं असं मी इतक्यात म्हणणार नाय," ती म्हणाली.

"नका म्हणू."

"मग थांबलात कशाला?"

"तुम्ही…" "तुम्ही आवडता मला. हे सांगायचं तोंड आज नाही, माहीत आहे. तरी."

तिनं ओढणी सारखी केली, मग उगाच परत सारखी केली. शहराकडं जाणारी बस आली. ती चढली, आणि पायरीवरून वळली.

"चढताय? का तिथंच लाजत उभं राहताय?"

बन्सीची सायकल कारखान्याच्या गेटाशी उभी होती. तो चढला.