हुंदडी

प्रयोगशाळेतल्या संवेदी पाटीवर रोहिणी घैसास सकाळपासून एकच 'क्ष' पुन्हा पुन्हा काढत होती. अठरा वर्षं मुलांच्या मासिकाची अक्षरं काढून तिची बोटं आधीच आंबली होती. उरलंसुरलं त्राण या 'हुंदडी'नं खाल्लं होतं. हुंदडी म्हणजे तिच्या हस्ताक्षरावरून बनवलेला टंक, छपाईचा फॉन्ट. वेलांट्या उड्या मारणाऱ्या, काने किंचित कलंडलेले, शिरोरेघ हसू दाबल्यासारखी वाकडी. आधी तो खाऊच्या पुड्यांवर आला, मग शाळांच्या भिंतींवर, आणि आता जिल्ह्यातली रुग्णालयं अहवालही त्यातच छापत होती. पेशंट घाबरत नाहीत, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं.

चार दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, अहवाल आला, तोही हुंदडीतच. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा. शस्त्रक्रिया आठवड्याच्या आत. श्रीकांतनं तो वाचला, "बघू दिवाळीनंतर," म्हणाला आणि निवांत चहा प्यायला. रोहिणीच्या मात्र पायांखालची जमीन सरकली. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, रागावून झालं, रडून झालं. पण कागदावर एवढं काही वाटत नाही, असं म्हणून तो अहवाल पुन्हा हातात घ्यायचा आणि पुन्हा निर्धास्त व्हायचा.

शेवटी आज प्रयोगशाळेत तिनं डॉ. मुजावरांनाच याचं कारण विचारलं. टंक त्यांनीच बनवला होता.

"ताई, आपण अक्षर नुसतं बघत नाही," ते म्हणाले. "ते काढणारा हात कसा फिरला असेल, ते मेंदू मनातल्या मनात करून बघतो. मी त्याला हस्तछाया म्हणतो. हाताबरोबर हाताचा मूडही येतो. तुम्ही खुशीत काढलंत, म्हणून वाचणारा खूश."

"मग मला का नाही तसं होत?"

"स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. स्वतःची हालचाल मेंदू आधीच ओळखतो आणि वजा करतो. हुंदडी सगळ्यांवर चालते, तुमच्यावर नाही."

साध्या टंकातला अहवाल मिळेल का, हेही तिनं विचारलं. मिळेल, पण परवानगीला आठ दिवस लागतील, असं उत्तर आलं. आठ दिवस तिच्याकडे नव्हतेच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तोंड उघडायचंही बळ नव्हतं. वाणसामानाच्या यादीमागे तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'उद्या सकाळी रुग्णालयात भरती व्हायचंय,' आणि कागद श्रीकांतपुढे सरकवला. तिला स्वतःला ती अक्षरं रोजच्यासारखीच गोल, बागडती दिसली. काही उपयोग होईल अशी आशा तिला नव्हती.

श्रीकांतनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. हातातला कप त्यानं खाली ठेवला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हेच तर तिला हवं होतं, आणि आता तो चेहरा तिला बघवेना.

"रोहिणी," तो कसाबसा म्हणाला, "चार दिवस तू एवढी भीती एकटीच घेऊन फिरत होतीस?"