बांधावरून कोण गेलं

शिरवण्याच्या मिठागरात शेकाट्याचं घरटं आहे, हे झहूर मास्तरांखेरीज कुणी मानायला तयार नव्हतं. उंच गुलाबी पायांचा हा पक्षी थंडीत येतो नि जातो, इथे अंडी घालत नाही, असं मुंबईच्या एका पक्षिमंडळाने त्यांना दोनदा कळवलं होतं. दुसऱ्या पत्रात तर ‘शाळामास्तरांनी घाई करू नये’ असा टोमणाही होता. तो मास्तरांना चांगलाच झोंबला. सन त्रेसष्टचा मे सरत आला होता आणि सोमवारी या आगरात कारखान्यासाठी भराव पडणार होता. त्याआधी अंड्यांवर बसलेल्या मादीचा फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर मास्तर कायमचे खोटे.

घरट्यापासून दहा हातांवर त्यांनी गोणपाटाची खोपटी उभारली. युक्ती जुनीच होती. दोघांनी आत शिरायचं आणि एकाने निघून जायचं. पाखराला मोजता येत नाही, एक गेला की सगळे गेले असं समजून ते घरट्यावर येतं. निघून जायचं काम आगरात मीठ वाहणाऱ्या पुतळाबाईचं. सहा सकाळी ती आली आणि गेली. सहाही सकाळी शेकाटी खोपटीवर घिरट्या घालत कोकलत राहिली, खाली म्हणून उतरली नाही.

“मास्तर, हिला मोजाया येतं,” पुतळा हसून म्हणाली. “मी गेले तरी तुमी आत हाव, तिला समदं ठाव हाय.”

“मग मीही हटणार नाही.”

रविवारी निरोप आला, पुतळाच्या नातीला ताप भरलाय. मास्तर एकटेच निघाले. आज युक्ती नव्हती, नुसता हट्ट होता. उपाशी राहू, उन्हात भाजू, पण फोटो घेऊनच उठू, असं ठरवून ते खोपटीत शिरले.

पाच मिनिटांत ओरडणं थांबलं.

शेकाटी बांधावर उतरली होती. तिची मान हळूहळू वळत होती. पुतळा परत जायची तेव्हा शेकाटीची मान अशीच वळायची. बांधावरून कुणी चालत गेल्यासारखी तिची नजर पार मिठाच्या राशीपर्यंत गेली. बांध तर रिकामा होता. मग ती निवांत चालत आली आणि अंड्यांवर बसली.

मास्तरांनी आनंदाने कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांनी अख्खा रोल संपवला. मध्येच त्यांना जोराचा खोकला आला. शेकाटी हलली नाही.

कॅमेरा आतच ठेवून ते बाहेर आले. ओल्या चिखलात बुटांची एक ताजी ओळ खोपटीत येत होती आणि एक बाहेर पडून बांधावरून थेट मिठाच्या राशीकडे गेली होती. दोन्हींच्या उजव्या टाचेला नाल होती, कोपरा तुटलेली. मास्तरांनी आपला बूट उलटा करून पाहिला.

त्यांना भीती वाटली. त्यांनी टाळी वाजवली. शेकाटी चोचीने पिसं साफ करत राहिली. ते थेट घरट्याशी गेले, पाय फाकवून तिच्यासमोर उभे राहिले, तरी ती उठली नाही.

अचानक ती किंचाळत उडाली.

बांधावरून पुतळा येत होती.

“पुतळाबाई!” मास्तरांनी जीव खाऊन हाक मारली.

ती त्यांच्या अंगावरून खोपटीत गेली आणि कॅमेरा घेऊन बाहेर आली. वर बघून पाखराला म्हणाली, “ओरडू नको गं बाय, मशिन न्याया आलेय. मास्तर भेटले राशीपाशी. फोटू गावला म्हनाले. खूस हायेत.”

ती राशीआड गेली.

मास्तर जागेवरच उभे होते. शेकाटी खाली उतरली, चार पावलं चालली आणि त्यांच्या दोन पायांमधून वाट काढून अंड्यांवर बसली.